रीव्याचे ऊन, दिल्लीची मेट्रो

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानमालेत विजेचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शाळेची स्थापना झाली तेव्हाच्या पहिल्या तुकड्यांतील अनेक मुलांचा संध्याकाळचा अभ्यास कंदिलाच्या उजेडात होत असे. त्यांची नातवंडे आज त्याच वर्गांत बसतात आणि पंखा पाच मिनिटे थांबला तर अस्वस्थ होतात. वीज कोठून येते, असे या मुलांना विचारले तर दोन उत्तरे ठरलेली असतात : धरणातून आणि कोळशातून. तिसरे उत्तर आपल्याच मध्य प्रदेशात, विंध्याच्या पठारावर उभे आहे आणि त्याची नीट ओळख मात्र अजून फार थोड्यांना आहे. वर्तमानपत्रात त्याचे आकडे येतात. ते वाचून कोणी भारावतो, कोणी संशय घेतो. आकडे उलगडून पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. आजच्या भाषणाचा हेतू एवढाच, की ते कष्ट एकदा सर्वांनी मिळून घ्यावेत.

रीवा हे नाव मराठी घरांत पूर्वी पांढऱ्या वाघामुळे माहीत होते. १९५१ साली रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलातून पकडलेला 'मोहन' हा पांढरा बछडा गोविंदगढच्या महालात वाढला आणि जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील असंख्य पांढऱ्या वाघांचा तो पूर्वज ठरला. त्याच रीवा जिल्ह्यात, गुढ तहसिलीतील बडवार परिसरात, आता सुमारे १५०० हेक्टरांवर सौरऊर्जा उद्यान पसरले आहे. त्याची क्षमता ७५० मेगावॅट. प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच तीन वेगवेगळ्या खासगी कंपन्यांनी उभारले. जमीन, रस्ते, उपकेंद्रे यांची सिद्धता 'रीवा अल्ट्रा मेगा सोलर' या कंपनीने केली. तीत केंद्राचे सौरऊर्जा महामंडळ आणि मध्य प्रदेश ऊर्जा विकास निगम हे समान भागीदार आहेत. वीजनिर्मितीला २०१८ मध्ये आरंभ झाला, २०२० च्या प्रारंभी प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालू झाला आणि १० जुलै २०२० रोजी, साथीच्या दिवसांत, दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे राष्ट्रार्पण झाले.

आता '७५० मेगावॅट' या शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण बहुतेक सारे गैरसमज येथूनच सुरू होतात. मेगावॅट हे वेगाचे माप आहे, साठ्याचे नाही. नळाची तोटी पूर्ण उघडली असता मिनिटाला किती पाणी पडते, हे सांगणारा तो आकडा आहे. दिवसाअखेर हंडा किती भरला, हे तो सांगत नाही. हंड्याचे माप म्हणजे 'युनिट', जे घरच्या बिलावर छापलेले असते. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्च होते. मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट. तेव्हा ७५० मेगावॅटचे केंद्र पूर्ण जोमाने एक तास चालले तर साडेसात लाख युनिटे निर्माण होतात. वर्षाचे तास ८७६०. हे केंद्र अहोरात्र, वर्षभर, एकही क्षण न मंदावता चालले असते, तर ६५७ कोटी युनिटे मिळाली असती.

ती मिळत नाहीत, मिळणे शक्यही नाही. किती मिळतात, याचा अंदाज एका करारातून बांधता येतो. या प्रकल्पाच्या विजेचा २४ टक्के हिस्सा दिल्ली मेट्रोला आणि उरलेला ७६ टक्के मध्य प्रदेशातील वितरण कंपन्यांना जातो. मेट्रोला वर्षाकाठी सुमारे ३४.५ कोटी युनिटे मिळतील असे ठरले होते. चोवीस टक्के म्हणजे साडेचौतीस कोटी, तर शंभर टक्के म्हणजे किती? हे त्रैराशिक सातवीतला विद्यार्थी सोडवील. उत्तर येते सुमारे १४४ कोटी. याला ६५७ कोटींनी भागले की साधारण २२ टक्के हा आकडा हाती येतो. वीज-अभियंते त्याला क्षमता-वापर गुणांक म्हणतात. आपल्या देशातील सौर प्रकल्पांत तो साधारणपणे वीस ते पंचवीसच्या घरात असतो. म्हणजे रीव्याचा आकडा कमीही नाही आणि चमत्कारिकही नाही.

बावीस टक्के हे ऐकून काहींना प्रकल्प फसल्यासारखे वाटते. शंभरपैकी बावीस गुण मिळवणारा विद्यार्थी आपल्या शाळेत नापास होतो, हे खरेच. पण ही गुणपत्रिका नाही. सूर्य वर्षातले निम्मे तास क्षितिजाखाली असतो, तेव्हा निम्मे गुण तर आरंभीच वजा झाले. उरलेल्या वेळातही तो माथ्यावर थोडाच वेळ असतो. सकाळी आणि सायंकाळी किरणे तिरपी पडतात, वातावरणाचा जाड थर ओलांडून येतात आणि क्षीण होतात. त्यामुळे दिवसभरातील निर्मितीचा आलेख काढला तर तो घंटेच्या आकाराचा दिसतो : सकाळी शून्यातून वर चढणारा, दुपारी बारा-एकच्या सुमारास शिखर गाठणारा, सूर्यास्ताला पुन्हा शून्यावर येणारा. रीवा कर्कवृत्ताच्या थोडे उत्तरेला आहे. त्यामुळे भर जूनमध्येही तेथे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित दक्षिणेकडेच राहतो. म्हणूनच या भागात स्थिर चौकटींवरील पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून कललेली बसवतात. भूगोलाच्या तासाला कर्कवृत्ताची रेघ कंटाळून गिरवणाऱ्या मुलांना हे मुद्दाम सांगावे.

आता ढग आणि धूळ. जुलै-ऑगस्टात विंध्यावर ढगांचे छत असते. तेव्हा निर्मिती घटते. पूर्ण थांबत मात्र नाही, कारण ढगांतून झिरपणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशावरही थोडी वीज तयार होते. धुळीचे तसे नाही. ती हळूहळू, नजरेत न येता साचते, आणि पाऊस नसलेल्या महिन्यांत काच पुसली गेली नाही तर उत्पन्नाचा मोठा हिस्सा निमूटपणे खाऊन टाकते. राजस्थानातील भडला येथील प्रचंड सौर उद्यानात पाण्याचे दुर्भिक्ष असल्याने कोरड्या ब्रशांनी काच पुसणारे यंत्रमानव वापरले जातात. सूर्याच्या विजेला इंधन लागत नाही हे खरे असले, तरी झाडूपोछा लागतो.

सर्वांत मोठा गैरसमज उन्हाळ्याविषयी आहे. मे महिन्यात ऊन कडक, म्हणून वीज सर्वाधिक, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. वस्तुतः पॅनेलला हवा असतो प्रकाश. उष्णता त्याला बाधते. पॅनेलची क्षमता प्रयोगशाळेत मोजताना पृष्ठभागाचे तापमान २५ अंश सेल्सियस धरलेले असते. त्यापुढे प्रत्येक अंशामागे सिलिकॉनच्या पॅनेलची शक्ती सुमारे ०.३ ते ०.४५ टक्के घटते. बाहेर पारा ४४ अंशांवर असताना उन्हात तापलेले पॅनेल सहज ६५ अंशांपर्यंत जाते. म्हणजे चाळीस अंशांची वाढ आणि त्यापायी बारा ते अठरा टक्क्यांची तूट. याउलट फाल्गुन-चैत्रात आकाश निरभ्र, हवा अजून तुलनेने गार आणि सूर्य बऱ्यापैकी उंच. तो काळ या केंद्रांना मानवतो. हिवाळ्यातली थंड, स्वच्छ दुपारही, दिवस लहान असला तरी, पॅनेलला प्रिय असते. ज्या उन्हाने माणूस हैराण होतो, त्याने यंत्रही थोडे हैराणच होते, ही गोष्ट निदान गमतीची आहे.

पॅनेलमध्ये नेमके घडते काय, हे थोडक्यात सांगता येईल. प्रकाशाचा कण सिलिकॉनच्या थरावर आदळला की तेथील इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि थरांतील अंतर्गत विद्युतक्षेत्र त्याला एका दिशेने ढकलते. हलणारा भाग एकही नाही. चाक नाही, वाफ नाही, आवाज नाही. एका पॅनेलची क्षमता सव्वातीनशे वॅट धरली, तर ७५० मेगावॅटसाठी किमान तेवीस लाख पॅनेले लागतात. त्यांतून निघणारी वीज एकदिश असते, म्हणजे विजेरीतल्या सेलसारखी. घरातली वीज प्रत्यावर्ती. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो, आणि तो या सगळ्या व्यवस्थेचा खरा कारभारी आहे. पुढे रोहित्रे दाब वाढवीत नेतात, कारण कमी दाबाने लांब पाठवलेली वीज तारेतच उष्णता होऊन विरते. टप्प्याटप्प्याने ३३ हजार, मग २ लाख २० हजार व्होल्टपर्यंत चढून ती राष्ट्रीय वीजजाळ्यात शिरते.

दिल्लीत नोकरीला असलेले अनेक माजी विद्यार्थी रोज मेट्रोने प्रवास करतात. २०१९ च्या एप्रिलपासून रीव्याची वीज मेट्रोला मिळू लागली. मग त्यांची गाडी खरोखरच आपल्या मध्य प्रदेशातील उन्हावर धावते काय? याचे प्रामाणिक उत्तर असे, की हिशेबाने धावते. तारेतून तोच इलेक्ट्रॉन रीव्याहून दिल्लीला जात नाही. इंदूरच्या बँकेत वडिलांनी भरलेली नोट पुण्यात शिकणाऱ्या मुलीच्या हाती पडत नाही. तिला तेवढ्याच किमतीची दुसरी नोट मिळते आणि कोणाची फसवणूक होत नाही, कारण खाते चोख असते. वीजजाळ्याचेही खाते असेच आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागात कोण किती वीज घालणार आणि कोण किती काढणार, याचे वेळापत्रक आधी द्यावे लागते आणि नंतर मोजमापाशी ताडून पाहिले जाते. रीव्यावर अचानक ढग आला आणि सांगितल्यापेक्षा कमी वीज निघाली, तर त्या फरकाचाही हिशेब होतो. त्यामुळे या केंद्रांत हवामानाचा अंदाज वर्तवणारे लोक आज अभियंत्यांइतकेच महत्त्वाचे झाले आहेत. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला आकडेमोड आणि आकाश दोन्ही आवडत असतील, तर हा व्यवसाय त्यांच्या कानावर घालण्याजोगा आहे.

रीव्याचे खरे नाव झाले ते मात्र यंत्रामुळे नव्हे, दरामुळे. २०१७ च्या फेब्रुवारीत विजेच्या दरासाठी उलटा लिलाव झाला, म्हणजे जो सर्वांत कमी दर सांगेल त्याला काम. तो सुमारे ३३ तास अखंड चालला. अखेरीस पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैशांवर आला. पंधरा वर्षे दरवर्षी पाच पैशांची वाढ मान्य केलेली असल्याने पंचवीस वर्षांचा सरासरी दर ३ रुपये ३० पैशांच्या आसपास निघतो. त्याच्या आदल्या वर्षी भडला येथे मिळालेला ४ रुपये ३४ पैसे हा दर देशातला नीचांक मानला जात होता. एका वर्षात रुपयाहून अधिक घसरण झाली, यामागे पॅनेलच्या किमतीतील घट होतीच. पण तेवढेच कारण नव्हते.

सौर प्रकल्पात जवळजवळ सारा खर्च आरंभी करावा लागतो. इंधनाचा खर्च नाही, पण कर्जाचे व्याज मात्र वर्षानुवर्षे फेडावे लागते. तेव्हा पैसे बुडण्याची भीती जितकी मोठी, तितका व्याजदर मोठा आणि तितका विजेचा दरही मोठा. वीज घेणाऱ्या कंपन्या देयके थकवतात, हा देशभरचा जुना अनुभव. रीव्यात ही भीतीच कमी करण्यावर भर दिला गेला. देयक थकले तर आधी राखीव निधीतून, मग राज्य शासनाच्या हमीतून ते मिळेल अशी तजवीज करारात केली. जमीन आणि वाहिन्या आधी सिद्ध ठेवल्या. जागतिक बँकेचे अर्थसाहाय्य घेतले. केंद्राने उद्यानासाठी १३८ कोटी रुपये दिले. थोडक्यात, चोख लिहिलेल्या कागदाने वीज स्वस्त केली. अभियांत्रिकीच्या कौतुकात या कागदपत्राच्या कौशल्याचा उल्लेख राहून जातो, तो येथे मुद्दाम केला आहे. तीन महिन्यांतच, मे २०१७ मध्ये, भडला येथील पुढच्या लिलावात दर २ रुपये ४४ पैशांवर आला आणि रीव्याचा विक्रम मोडला. पण वाट रीव्याने पाडली होती.

वर्षाला १४४ कोटी युनिटे म्हणजे किती? महिन्याला दीडशे युनिटे वापरणारे कुटुंब वर्षात १८०० युनिटे खर्च करते. त्या मानाने आठ लाख कुटुंबांची वर्षाची गरज या केंद्रातून निघते. ही बाजू भरभक्कम आहे. आता दुसरी बाजू. याच विंध्य प्रदेशात, रीव्याच्या पूर्वेला सिंगरौली आहे. तेथील विंध्याचल औष्णिक केंद्राची क्षमता ४७६० मेगावॅट, म्हणजे रीव्याच्या सव्वासहा पट. परंतु कोळशाचे केंद्र रात्रीही चालते. ते ८० टक्के क्षमतेने चालले असे धरले, तर वर्षाला सुमारे ३३०० कोटी युनिटे देते. म्हणजे क्षमतेत सव्वासहा पट आणि प्रत्यक्ष विजेत तेवीस पट. 'इतक्या मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला, आता कोळसा गेलाच' असे लिहिणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा. आणि 'सौरऊर्जा म्हणजे नुसता देखावा' असे म्हणणाऱ्यांनी सिंगरौलीची राख, तेथील हवा आणि धरण, खाण, वीजकेंद्र अशा कारणांनी पुन्हा पुन्हा उठावे लागलेल्या वस्त्या पाहाव्यात.

रीव्यामुळे वर्षाला सुमारे १५ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, असे राष्ट्रार्पणाच्या वेळी सांगण्यात आले. हाही आकडा पडताळता येतो. १५ लाख टन म्हणजे १५० कोटी किलो. त्याला १४४ कोटींनी भागले तर युनिटमागे एक किलोहून किंचित अधिक. कोळशाच्या विजेतून युनिटमागे एक किलोच्या आसपास वायू बाहेर पडतो. तेव्हा दावा थोडा उदार आहे, पण हवेतला नाही.

खरी अडचण संध्याकाळची आहे. सूर्य मावळतो नेमका त्या वेळी घराघरांत दिवे, पंखे, दूरचित्रवाणी आणि वातानुकूल यंत्रे एकदम सुरू होतात. दुपारी विपुल असलेली वीज सात वाजता शून्य आणि मागणी मात्र कळसाला. हा खड्डा जलविद्युत, कोळसा किंवा साठवलेली वीज यांनीच भरावा लागतो. महाराष्ट्रात कोयनेचे पाणी बहुधा अशाच वेळांसाठी राखले जाते. नगर जिल्ह्यातील घाटघर येथे तर वीज मुबलक असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज मिळवतात. अशा साठवणीला आणि मोठ्या बॅटऱ्यांना येणाऱ्या काळात सौर पॅनेलांहून अधिक महत्त्व येईल, असे दिसते.

मात्र दिवसाची वीज म्हणजे कमी दर्जाची वीज असेही नाही. ज्या शेतकऱ्यांना पौषाच्या थंडीत मध्यरात्री उठून, विंचूसापाच्या भयात, विहिरीवरचा पंप सुरू करायला जावे लागते, त्यांना विचारावे. पंपाला वीज दुपारी मिळाली तर त्यांच्या घरातल्या बायकामुलांची रात्रीची झोप परत येते. महाराष्ट्रात शेतीच्या वाहिन्यांसाठी गावोगाव छोटी सौर केंद्रे उभारण्याची योजना २०१७ पासून याच विचाराने सुरू झाली. रीव्यासारख्या एका भव्य केंद्रापेक्षा अशी शंभर लहान केंद्रे काही ठिकाणी अधिक उपयोगी पडतील.

जमिनीचा प्रश्न नाजूक आहे. एका मेगावॅटला सुमारे पाच एकर जागा लागते. पॅनेले बसली की तेथे गुरे चरणे, लाकूडफाटा गोळा करणे, पायवाटेने पलीकडच्या गावी जाणे, सारे थांबते. सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदलेली जमीन गावाच्या व्यवहारात क्वचितच पूर्ण पडीक असते. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पावगडा येथे वेगळा मार्ग काढला गेला. सतत दुष्काळ सोसणाऱ्या पाच गावांतील सुमारे १३ हजार एकर जमीन विकत न घेता भाड्याने घेतली. एकरी वर्षाला २१ हजार रुपये भाडे आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहिली आणि २०५० मेगावॅटचे उद्यान उभे झाले. पावसाची वाट पाहून थकलेल्या जमीनमालकाला नियमित उत्पन्न मिळाले. पण ज्याच्याकडे जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात मजुरी करीत होता, त्याला भाडे कोठून मिळणार? शेती थांबली तशी त्याची मजुरीही थांबली, आणि पॅनेले पुसण्यासाठी वा राखणीसाठी लागणारी माणसे थोडीच असतात. पावगड्याची ही दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पहिली बाजू सांगू नये. नर्मदेवर ओंकारेश्वरच्या जलाशयात आता तरंगती पॅनेले बसवली आहेत. दर्शनाला जाणाऱ्यांनी ती पाहावीत. त्यांना जमीन लागत नाही, पाण्याच्या सान्निध्याने ती गारही राहतात. तेथेही मासेमारी करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न आहेच.

पॅनेलचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे मानतात. दरवर्षी त्याची शक्ती अर्धा-पाऊण टक्का घटते. आज पहिलीत असलेले मूल तिशी गाठेल तेव्हा रीव्याची लाखो पॅनेले उतरवावी लागतील. काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि थोडी चांदी त्यांतून वेगळी काढणे शक्य आहे; ते काम शहाणपणाने होईल की नाही, हे त्या वेळच्या तरुणांवर, म्हणजे आजच्या या बालकांवर, सोडलेले आहे.

आता शाळेविषयी. महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या छतावर सौर संच बसवावा, अशी सूचना काही माजी विद्यार्थ्यांनी केली आहे. रीव्याचा सगळा हिशेब येथे कामी येतो. वीस किलोवॅटचा संच म्हटला तर सुमारे दोनशे चौरस मीटर सावलीविरहित छत हवे. या भागात एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे धरावीत. म्हणजे दिवसाला ऐंशी आणि वर्षाला सुमारे २९ हजार युनिटे. मेट्रोपेक्षा शाळा या विजेला अधिक अनुकूल आहे, कारण तिचा दिवस सूर्याबरोबरच सुरू होतो आणि सूर्याआधी संपतो. संध्याकाळच्या खड्ड्याची चिंता तिला नाही. अडचण आहे ती रविवारची, दिवाळीची आणि उन्हाळी सुटीची. शाळा बंद, पंखे बंद, पण पॅनेले आपले काम करीतच राहणार. ती वीज वितरण कंपनीच्या जाळ्यात जाऊन बिलातून वजा व्हावी, यासाठी दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर हवा. देणगीदारांनी 'किती किलोवॅट?' एवढेच न विचारता 'वर्षाला किती युनिटे, त्यांपैकी शाळेत किती वापरली जाणार आणि उरलेल्यांचा दर काय?' असे विचारावे. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. त्याची तरतूद आजच्या देणगीतच वेगळी काढून ठेवावी. नाहीतर उद्घाटनाच्या फलकावरची नावे ताजी राहतात आणि संच बंद पडलेला असतो, असे चित्र अनेक संस्थांच्या गच्चीवर दिसते.

संच बसला तर आठवी-नववीच्या मुलांकडे एक नोंदवही द्यावी. रोज चार वाजता मीटरचा आकडा, आकाशाची स्थिती आणि कमाल तापमान एवढ्या तीनच नोंदी. वर्षाअखेर मे आणि मार्च यांची तुलना मुलांनी स्वतः करावी. काच पुसण्याची पाळी दर पंधरा दिवसांनी शिपाई मामांकडे असावी आणि ती सकाळी ऊन चढण्यापूर्वी उरकावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर तिला तडा जाण्याची भीती असते. शिडीवर मुलांना मात्र चढू देऊ नये.